पहिला खांदा

ती केस आठवली की आजही माझी नजर आधी मागच्या दाराकडे जाते. सातवी पास माणूस मी. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. घडलं तसं लिहितो. नावं कुणाचीच घेणार नाही.

श्रीवर्धनच्या बाजूचं लहानसं, पण नगरपरिषद असलेलं गाव, माझ्या बायकोचं माहेर. माझी नेमणूकही तिथल्याच ठाण्यात होती. शिमगा होऊन आठवडा झाला असेल. भर दुपारी नगरपरिषदेतली एक लिपिक बाई मागच्या दारानं आमच्या घरात आली. नवरा वारलेला, घरात म्हातारी सासू. बायकोनं पाणी दिलं, तर अर्धं अंगावर सांडलं.

"काकी, पुढनं कुणी बघितलं असतं तर संपलं होतं माझं."

तिनं सांगितलं ते असं. नगराध्यक्ष आणि चार जण कचऱ्याचा प्रकल्प बघायला सरकारी खर्चानं परदेशी गेले होते. दौरा दहा दिवसांचा. अध्यक्ष चौथ्याच दिवशी परत आले, कारण शिमग्यात पालखीला पहिला खांदा द्यायचा मान त्यांच्या घराण्याचा. पण हॉटेल, जेवण, गाडी, सगळी बिलं दहा दिवसांची लागली. ती खोटी बिलं हिच्याकडून टाइप करून घेतली. वर दम दिला, तोंड उघडलंस तर हे सगळं तूच केलंस म्हणून सांगू.

"त्यांना पालखीखाली अख्ख्या गावानं बघितलं असेल की," मी म्हणालो.

"बघितलंय, काका. बोलणार कोण?"

बायको मला म्हणाली, "हिचं नाव कागदावर आलं तर या घरात मी राहणार न्हाय. सांगून ठेवते."

मी साहेबांना खात्रीलायक बातमी म्हणून कळवलं. दौऱ्याची फाईल मागवली, चौघांचे जबाब घेतले. चौघांचं वाक्य शब्दाला शब्द एक: "अध्यक्ष शेवटपर्यंत आमच्यासोबत होते." खरं बोलणारी दोन माणसं कधी इतकं सारखं बोलत नाहीत. अध्यक्षांचा पासपोर्ट हरवला होता, तशी तक्रार आमच्याच ठाण्यात नोंदवलेली. विमानतळावरून माहिती मागवली, पण उत्तर यायला महिने लागणार. गावात विचारलं, तर यंदा पालखी कुणी उचलली हे कुणालाच आठवेना. इथला माणूस बापाचं श्राद्ध विसरेल, हे विसरायचा नाही.

तेवढ्यात बाईच्या विहिरीवरच्या पंपाची वायर कुणीतरी कापली. मग मोटारसायकलवरून पाठलाग चालू झाला. ती ऑफिसला निघाली की मागं मागं, सुरूच्या बनापर्यंत. मीही रात्री मागच्या दाराची कडी दोनदा बघायचो. बंदोबस्त दिला असता तर बातमी हिचीच, हे गावाला कळलं असतं. शेवटी माझी बायकोच रोज डोक्यावर टोपली घेऊन तिच्याबरोबर चालायला लागली. टोपलीत काही नसायचं.

अध्यक्षांना चौकशीला बोलावलं. भावकी घेऊनच आले. ती मंडळी बसली व्हरांड्यात. दोन तास साहेब विचारत होते आणि हा माणूस हसत होता. मला म्हणाला, "काय जमादार, चहा तरी गरम पाजा."

मी चहा ठेवला. सहज बोलल्यासारखं म्हणालो, "अध्यक्ष, यंदा तुम्ही परदेशात, म्हणून पहिला खांदा खालच्या आळीनं घेतला म्हणे. आता मान त्यांच्याकडेच राहणार."

कप आदळला. "कोण म्हणतो? आज्या-पणज्यापासून खांदा आमचा हाय! मी सोडीन व्हय?"

तोच व्हरांड्यातून त्यांचा पुतण्या मोबाईल नाचवत आत घुसला. "खालच्या आळीची टाप हाय काय? ह्यो बघा व्हिडिओ! काकाच हाय पुढं!"

काका मोबाईल हिसकवायला उठले, पण तो साहेबांच्या हातात गेला होता.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. व्हिडिओ टिकतो, त्यावर तारीख होती. दोन पंच बोलावून मोबाईल जप्त केला. मग ते चौघे वेगवेगळं, म्हणजे खरं, बोलायला लागले. बिलं कुणी करायला लावली, तेही त्यांनीच सांगितलं. बाईचा जबाब ऑफिसातल्या इतरांसारखाच, सगळ्यात शेवटी घेतला. बातमी कुणाची, ते कागदावर कधीच आलं नाही.

पुढच्या शिमग्यात घरोघरी थांबणारी पालखी आमच्या दारावरून न थांबता गेली. बायको ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. गावची माहेरवाशीण ती. आत आली, ताट ठेवलं आणि म्हणाली, "देव न्हाय गेला. खांदेकरी गेले."

गेल्या वर्षी बायको वारली. घरात आता मी एकटा.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच. गुन्हेगाराला पकडता येतं, भीतीला पकडता येत नाही. अध्यक्षांना शिक्षा झाली, खुर्ची गेली, तरी भीती गावातच राहते. मी वर्दीत होतो आणि घाबरलो होतो. माझी बायको साध्या लुगड्यात होती. तीही घाबरली होती, पण रोज चालत होती.

ती बाई अजून येते, डब्यात कालवण घेऊन. मी म्हणतो, "आता तरी पुढनं ये गं."

ती म्हणते, "काकी मागनंच घ्यायची मला," आणि आत यायच्या आधी एकदा वळून रस्त्याकडे बघते.