गिटारीवरचे ओरखडे

नवऱ्याने रोह्याहून, तिथल्या अष्टमी गावातल्या त्याच्या घरच्या माळ्यावरून जुनी गिटार पेणला आणली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला साधी शीळ घालतानाही मी ऐकलं नव्हतं.

"कोणाची ही?"

"हाय एका मित्राची."

"मित्राला नाव नाय?"

तो हसला आणि सेकंड शिफ्टला डोलवीच्या स्टील कंपनीत निघून गेला.

तारा जिच्यात अडकवतात ती लाकडी पट्टी गिटारीच्या पोटावरून उचकटली होती. मी हमरापूरची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली, तुटलेलं सांधणं मला नवं नाही. सुट्टीच्या दिवशी दोघं बसलो. तारा काढल्या, पट्टीवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, जुना गोंद मऊ पडल्यावर उलथन्याने ती सोडवली. नवा गोंद लावला, सायकलच्या ट्यूबने आवळली आणि वर वरवंटा ठेवला. हात कामात होते, डोळे मात्र पुरावा शोधत होते. मोबाईलची बॅटरी लावून मी भोकातही डोकावले. कुठे नाव, कुठे बदामाचं चित्र? आत एक मेलेलं झुरळ होतं.

पुरावा बाहेरच सापडला. लाकडावर ओरखडे येऊ नयेत म्हणून भोकाच्या एका अंगाला काळी पट्टी असते. ती कोरी करकरीत, आणि सगळे ओरखडे दुसऱ्या अंगाला. तारा काढल्या तेव्हा जाड तारही उलट्या बाजूला होती. म्हणजे वाजवणारं माणूस डावखुरं. नवरा तर जेवतो, सही करतो, सगळं उजव्या हाताने.

"कोण होती ती डावरी?" मी सरळच विचारलं.

तो गोंद पुसत होता. फडकं तसंच हातात राहिलं.

"ती कोण नाय गो. मीच व्हतो."

लहानपणी ताटाला डावा हात लागला की त्याची आई उलथन्याचा दांडा हाणायची. हात सुधारला. गिटार तेवढी तो डाव्याने वाजवायचा, घरात कोणी नसताना.

थापा, असं मी म्हणणार होते. पण मला आमचा कारखाना आठवला. गणपतीच्या घाईत सगळे ब्रश घेऊन बसले की हा आपला कोपऱ्यात नुसता रंग ढवळत बसायचा. जावईबापूंना आमचं काम हलकं वाटतं, असं मी मनात धरून बसले होते. मूर्तीला डावा हात लावायचा नाही, असा माझ्या वडिलांचा नियम. तो याने पहिल्याच वर्षी ऐकला असणार, आणि ब्रश याला डाव्या हातानेच जमत असणार.

गोंद वाळला. चिकटवलेल्या पट्टीच्या कडेचा रंग उडाला होता. मी वाटीत तपकिरी रंग केला आणि ब्रश मुद्दाम त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

"ओढा रेघ. जमतं त्या हाताने."

त्याने ब्रशकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठला आणि आधी दाराला कडी लावून आला.