घाटात वाट देणारे उस्ताद

यासीन उस्तादांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. आमच्या बुलढाण्याला रेल्वे नाही. रेल्वे धरायची तर घाट उतरून मलकापूर नाहीतर नांदुरा गाठावे लागते, आणि त्या काळी उस्ताद आपल्या जीपमधून नांदुऱ्याचे प्रवासी नेत असत. मी सुलतानपूरची, लग्नाआधीची, नोकरीच्या मुलाखतीला नागपूरला निघालेली. घाटात अर्ध्यावर एक आंधळे वळण आहे. समोरचे काही दिसत नाही, एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी. तिथे उस्तादांनी जीप थांबवली, इंजिन बंद केले, एकदा हॉर्न वाजवला आणि खिडकीतून डोके बाहेर काढून नुसते बसून राहिले. माझा जीव खालीवर. मी मागून ओरडले, ''अहो, माझी रेल्वे जाईल ना!'' उस्तादांनी वळूनही पाहिले नाही. म्हणाले, ''रेल्वे दुसरी येते बाई. ऐकू द्या जरा.''

रेल्वे मिळाली, नोकरी मिळाली नाही. पुढे मी लग्न होऊन बुलढाण्यालाच आले आणि उस्तादांनी नुकत्याच काढलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. मला पाहताच ते म्हणाले, ''रेल्वेवाल्या बाई.'' म्हणजे माणूस काही विसरत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळले.

त्या वळणाचे काय ते त्यांनी शिकवताना सांगितले. पूर्वी तिथे हॉर्न वाजवला की समोरचा डोंगर तो परत द्यायचा. एकदा आला तर रस्ता मोकळा. दुसऱ्यांदा आला तर खालून कोणी चढून राहिले आहे आणि त्याने उत्तर दिले आहे. मग उतरणाऱ्याने थांबायचे, कारण घाटात पहिला हक्क चढणाऱ्याचा. ''वाट द्याची. कोण हाये, केवढा हाये, ते नाई पाह्याचं,'' असे उस्ताद म्हणत. पुढे रस्ता रुंद करताना समोरचा डोंगर कापून काढला. आता तिथे मोकळे आभाळ आहे आणि हॉर्न गेला की गेला, परत येत नाही. तरी उस्तादांनी थांबायचे सोडले नाही. आम्हा शिष्यांनाही सोडू दिले नाही. आम्ही पाठीमागे हसायचो, पण थांबायचो.

त्यांचे माझ्यावर एक ऋण आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे गेले तर माझ्या तोंडात किडे पडतील. माझे यजमान आजारपणात गेले तेव्हा माझा मुलगा सुमेध लहान होता. उस्तादांनी मला आपल्या ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकवायला ठेवले. गावात कुजबुज सुरू झाली, की बाईजवळ गाडी कोण शिकणार आणि शिकून करणार काय. उस्ताद कोणाशी वाद घालायला गेले नाहीत. ते रोज सकाळी माझ्या गाडीत मागच्या सीटवर येऊन बसत. पुढे शिकणारा, बाजूला मी, आणि मागे उस्ताद पेपर वाचत. चौकातून, कोर्टापुढून, बसस्टँडवरून अशी आमची वरात निघायची. कोणी विचारले तर सांगत, ''मी बाईंच्या गाडीत निवांत बसतो, तुम्हाले काय भेव हाये?'' महिनाभरात लोक आपल्या सुना माझ्याकडे पाठवू लागले. आज शाळा मी चालवते, ती त्या मागच्या सीटवरच्या पेपरमुळे.

उस्तादांची आणखी एक रीत साऱ्या गावाला ठाऊक आहे. गावात कोणाकडेही नवी गाडी आली, की चाकाखाली लिंबू ठेवणे, नारळ फोडणे हे ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे होते, पण पहिली फेरी उस्तादांची. ते एकटेच गाडी घेऊन घाट उतरतात, चढतात आणि परत आल्यावर मालकाच्या हातात चावी ठेवून म्हणतात, ''सांभाळून. आता तुमची.'' ते शब्द ऐकल्याशिवाय आमच्याकडे लोक गाडीत बायकामुलांना बसवत नाहीत. बौद्ध, मराठे, मारवाडी, सगळे आले त्यात. डॉक्टरसुद्धा चावीसाठी दारात उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

आता ज्यासाठी मी एवढे लिहिले त्याकडे येते. उस्तादांच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींनी मला बजावले होते, ''ताई, घाटातलं ते नका लिहू, ग्रंथ मोठमोठ्यांच्या हातात जाणार आहे.'' जाऊ द्या. मोठेही घाट उतरतातच.

माझा सुमेध पुण्याला नोकरीला आहे. मागल्या वर्षी सुटीत घरी आला असताना त्याने गाडी घेतली. आमच्या शाळेत ज्या छोट्या गाडीवर अर्धे बुलढाणे शिकले, तीच गाडी. कंपनीने तिची एक नवी जबरदस्त आवृत्ती काढली आहे, ती. बाहेरून पाहाल तर तेच नाक, तेच दिवे, तोच पांढरा रंग. सीटला लाल शिवण, मागे दोन धुराडी आणि एक बारीकसा बिल्ला, एवढाच फरक. आत मात्र दुसरेच काहीतरी बसवलेले. पायाने नुसते शिवले की पाठ सीटला चिकटते. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. रोज जिच्याशी बोलतो त्या शेजारणीने एक दिवस परक्या आवाजात हाक मारावी, तसे मला झाले. सुमेधला म्हटले, ''काऊन रे, साधी मिळत नव्हती?'' तो म्हणाला, ''आई, साधीच तं आहे. फक्त पळते.''

मला एकच पोरगा आहे. पुण्यापर्यंतचा सरळ, गुळगुळीत रस्ता आणि त्यावर ही गाडी, एवढेच चित्र माझ्या डोळ्यापुढे येई आणि घास गिळवत नसे.

उस्तादांनी रीतीप्रमाणे पहिली फेरी केली. परत आले आणि चावी खिशात घालून आत जाऊन बसले. सुमेध हात पुढे करून उभाच. उस्ताद म्हणाले, ''ही नवी नोहे. कोणी वापरलेली हाये. परत कर.''

सुमेधचा चेहरा उतरला. ''उस्ताद, सील तोडून दिली मले त्यांनी.''

''हिले वळण मालूम हाये. मी ब्रेक दाबून थांबलो, हात अजून इंजिनच्या बटनाकडं नेला नव्हता, अन् हिनं इंजिन बंद केलं. आपल्या आपण. ऐकाले.''

सुमेध पोट धरून हसला. त्याने समजावून सांगितले, की हल्लीच्या गाड्यांत ती सोयच असते. सिग्नलला थांबले की पेट्रोल वाचावे म्हणून इंजिन आपोआप बंद, ब्रेकवरचा पाय उचलला की सुरू. उस्तादही हसले, कपाळावर हात मारून. चूक झाली तर मान्य करायला त्यांना कधी जड गेले नाही. आयुष्यभर त्या वळणावर इंजिन बंद करणाऱ्या माणसाला दुसरे काय वाटणार? दुसऱ्या कोणाला हे सुचलेही नसते.

तरी चावी त्यांनी दिली नाही. ''एक डाव तू चालव, मी बाजूले बसतो,'' म्हणाले. मी न विचारता मागे जाऊन बसले.

वैशाखातली दुपार होती. लख्ख ऊन, पान हलत नव्हते. गावाबाहेर पडताच सुमेधने स्टिअरिंगवरचे एक बटन दाबले. समोरचे आकडे लाल झाले आणि गाडीत गुरगुर भरली. ''ही गुरगुर कायची?'' उस्तादांनी विचारले. सुमेध म्हणाला, ''थोडी इंजिनची, बाकीची स्पीकरमधून सोडतात. मजा येते.'' उस्ताद म्हणाले, ''म्हंजे आतल्याले बाहेरचं काही ऐकू नाई आलं पाह्यजे, असंच ना?'' सुमेध म्हणाला, ''उस्ताद, आता पाहा. हे बटन लावलं की इंजिन आपोआप बंद होतच नाही. ती सोय कटते.'' त्याने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून दाखवली. इंजिन चालूच. पुढे जाऊन पुन्हा थांबवली. चालूच. उस्तादांनी मान हलवली.

घाटाला लागलो. सुमेध चांगला चालवतो, मीच शिकवले आहे, पण त्या दिवशी गाडीच त्याला चालवून राहिली होती. वळण आले तेव्हा त्याच्या पायात थांबायचा विचार नव्हता, हे मला मागून दिसले. उस्ताद हळूच म्हणाले, ''थांब बे.''

सुमेधने ब्रेक दाबला. गाडी थांबली. आणि इंजिन बंद झाले.

गुरगुरही गेली. लाल आकडे तसेच पेटलेले. सुमेध त्या बटनाकडे पाहत राहिला. ''आई, चालू आहे हे. बंद व्हायला नको होतं.'' त्याने ब्रेकवरून पाय उचलला. काही नाही. पुन्हा दाबला, उचलला. गाडी उतारावर असून जागची हलली नाही.

उस्तादांनी काच खाली केली, स्टिअरिंगकडे हात लांबवून एकदा हॉर्न वाजवला. तो पातळ आवाज समोरच्या मोकळ्या आभाळात गेला. डोंगर नाही, तर परत येणार कुठून? आम्ही तिघे बसून राहिलो. मग खालून उत्तर आले. आमचा हॉर्न बारीक आणि एकदा. तो जाड होता, दोनदा, दमून चढणाऱ्या वाहनाचा असतो तसा. मी ऐकला, सुमेधने ऐकला. कोणीही मला येऊन सांगू नये की भास झाला.

''चढून राह्यला,'' उस्ताद म्हणाले. ''येऊ दे.''

आम्ही थांबलो. वळणावरून कोणी आले नाही. इंजिनचा आवाज नाही, धूळ नाही, माणूस नाही. तरी एका क्षणी आमची गाडी किंचित डुलली, अगदी शेजारून भरलेला ट्रक गेला की डुलते तशी. आणि उस्तादांनी खिडकीतून हात वर केला. वाट दिल्यावर समोरचा ड्रायव्हर ओळख दाखवतो आणि आपण परत हात करतो ना, तसा. त्यांनी मानही वळवली, जाणाऱ्याकडे पाहावे तशी, वरच्या अंगाला. मी मागच्या काचेतून पाहिले. रस्ता रिकामा होता, उन्हात चकाकत होता.

इंजिन आपणहून सुरू झाले. सुमेधने ते बटन बंद केले आणि घाट उतरला, इतका सावकाश की मागून येणारा एक मोटारसायकलवाला चिडून पुढे गेला.

पायथ्याशी आम्ही चहाला थांबलो. सुमेधने विचारले, ''उस्ताद, कोण होतं ते?''

''मले नाई मालूम.''

''तुम्हाला आधी कधी आलं होतं असं?''

''येते कधी कधी. डोंगर कापल्यापासून.'' उस्तादांनी चहा फुंकला. ''मी कधी इचारलं नाई, बेटा. चढणाऱ्याले वाट द्याची, एवढंच आपलं काम.''

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन गाडी तपासली. यंत्र लावून पाहिले, सगळे ठीक आहे म्हणाले. असो.

सुमेधची सुटी संपली. निघायच्या सकाळी तो चावी मागायला शाळेत आला. उस्तादांनी खिशातून चावी काढली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आणि चावीच्या मध्ये बोलले. ''उस्ताद, देऊ नका.'' सुमेधने माझ्याकडे असे पाहिले की मला माझीच लाज वाटली, पण मी शब्द मागे घेतला नाही. आईची लाज पोराच्या जिवापुढे किती टिकणार?

उस्ताद मला म्हणाले, ''बाई, मी चावी ठेवीन, तं हा दुसरी गाडी घेईन. जाऊ द्या त्याले.'' मग त्यांनी सुमेधच्या तळहातावर चावी ठेवली आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. पण 'आता तुमची' म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले नाहीत. म्हणाले, ''पोचला की मले फोन लाव. कितीबी वाजू दे. तोवर मी झोपत नाई.''

सुमेध हसत 'हाव, लावतो' म्हणाला. पण म्हाताऱ्या माणसाला जागे ठेवून बसवण्याचे ओझे काय असते ते त्याला रस्त्यातच कळले असावे. तो मला पुढे एकदा सांगत होता, ''आई, पाय दाबावासा वाटते, अन् मग उस्ताद खाटेवर बसलेले दिसतात.'' माझे इतक्या वर्षांचे रडणेओरडणे त्याच्या पायापर्यंत कधी पोचले नव्हते. तेव्हापासून तो प्रत्येक प्रवासाच्या शेवटी आधी उस्तादांना फोन करतो, मग मला. मला याचा थोडा राग येतो, खरे सांगते. पण मी शहाणी झाले आहे. सुमेध रस्त्यावर असला, की मी त्याला फोन लावत नाही. उस्तादांना लावते. लागला तर चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलते आणि ठेवते. लागला नाही, तिकडून बाई 'आपण डायल केलेला क्रमांक व्यस्त आहे' म्हणाली, की मी देवापुढे हात जोडून आडवी होते. पोचला.

या ग्रंथातले बाकीचे लेखक उस्तादांना त्यांच्या कार्यासाठी दीर्घायुष्य चिंततील. त्यांचे मन मोठे आहे. माझी मागणी स्वार्थाची आहे आणि ती मी सगळ्यांसमोर मागते. उस्ताद, सुमेधची गाडी नवी आहे, अजून पुष्कळ वर्षे पळेल. तुमची तब्येत, तुमचे कान, तुमचा फोन, सगळे धड राहो. पोर रस्त्यावर आहे. तुम्ही झोपायचे नाही.