ढोल पुढे की टोप पुढे

मुधोळ सोडले तेव्हा आमच्या गल्लीत दोन पक्ष पडलेले होते. कार्तिकी पौर्णिमेच्या पालखीपुढे मशाल चालावी की नवी गॅसबत्ती, एवढाच प्रश्न. पण सख्खे शेजारी एकमेकांना समोरून येताना पाहून पलीकडच्या कडेने जाऊ लागले. गॅसबत्ती पक्षाचा पुढारी मी, कारण बत्ती माझ्या दुकानातली होती. शेवटी वैतागून मी दिवाळीच्या तोंडावर गाडी जुंपली आणि सौभाग्यवतींना घेऊन जंगू पटलांच्या गावी निघालो. पटला म्हणजे गोंडांच्या गावाचा प्रमुख. हे माझे जुने गिऱ्हाईक. मीठ-कापड न्यायला आले की दरवर्षी दंडारी, म्हणजे त्यांचा दिवाळीतला नाच, पाहायला बोलवायचे.

निर्मळला मुक्काम केला, पटलांच्या लेकीसाठी रंगीत लाकडी पोपट घेतला. पुढे घाट चढताना मला पांडित्याची उबळ आली. मनुष्यजातीच्या प्रगतीच्या पायऱ्या मी सौभाग्यवतींना समजावल्या: आधी शिकार, मग रान जाळून पेरणी, मग नांगर, त्यावर दुकान, सगळ्यांत वर कचेरी. माणूस ज्या पायरीवर, तसा त्याचा पक्ष. जगातली भांडणे ही पायऱ्यांची भांडणे.

"मंग कचेरीतले लोक आपसात काऊन भांडून राह्यले?" एवढे विचारून त्या गाडीतच कलंडल्या.

उत्तर जुळवत होतो तेवढ्यात माकडांनी चिवड्याचा डबा पळवला. कोणत्याच पायरीवर नसलेली ही मंडळी, पण चिवड्याच्या बाबतीत त्यांचे संपूर्ण एकमत दिसले.

पटलांचे गाव उटनूरच्या अलीकडे, सागाच्या रानात. नाव एक, वस्त्या दोन. ओढ्याकाठी खालच्या वस्तीत नांगरवाले. निजाम सरकारकडून जमिनीचा पट्टा मिळालेले. टेकडीवर वरच्या वस्तीत अजून झाडोरा जाळून पेरणारे. खालचे म्हणत, सरकारशी जुळवून घ्या, खाली या. वरचे म्हणत, पट्टा आला की मागोमाग शिपाई येतो. माझी पायऱ्यांची उपपत्ती समोर घोंगडी पांघरून बसलेली पाहून मला कोण आनंद झाला!

पटलांच्या घरी मात्र आनंद नव्हता. त्यांच्या पत्नी भीमबाईंनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, आणि वाढता वाढता अडचण सांगितली. दंडारीत सारे गाव नाचत-वाजवत दुसऱ्या गावी पाहुणे जाते. यंदा जायचे होते त्या गावी त्यांच्या लेकीची, येसूची, सोयरीक ठरायची होती. पण गुसाडीचा (मोरपिसांचा भला मोठा टोप घालून नाचणाऱ्याचा) टोप खालच्या वस्तीत, आणि ढोल वरच्या. पुढे कोणी चालायचे यावर दोघे अडून बसले होते. ढोलाविना टोप गेला तर मुलाकडचे म्हणणार, भांडकुदळ गावची सून कशाला?

दुसऱ्या दिवशी दोन्ही वस्त्या मोहाच्या झाडाखाली जमल्या. पटलांनी मला विचारले, "शेटजी, तुमी शिकलेले. पुढं कोन जाते, सांगा."

मी उठून पायऱ्या सांगितल्या. ढोल शिकारीच्या काळातला, म्हणजे सर्वांत आधीचा, असेही ठोकून दिले. वरच्यांनी माना डोलावल्या: आधीचा तो वडील, मान वडिलांचा. खालचे उसळले: शेटजीच म्हणाले की आम्ही वर चढलो, तर मान आमचा. सकाळपर्यंत भांडणाला नुसती हट्टाची बाजू होती. दुपारपर्यंत माझ्या कृपेने दोन्हीकडे शास्त्राधार झाला. येसू पोपट मांडीवर घेऊन माझ्याकडे अशी पाहत होती की मला पोपट परत घ्यावासा वाटला.

शेवटी भीमबाई उठल्या. "हे शेटजी ना वरचे, ना खालचे," त्या म्हणाल्या. "यायलेच पुढं घाला. मागून ढोल अन् टोप जोडीनं चाला."

कोणाला हरकत सापडेना. मला सापडली होती, पण मला कोणी विचारले नाही. कोट, टोपी, सुटलेले पोट अशा थाटात मी सर्वांच्या पुढे चाललो, मागे ढोल आणि मोरपिसे खांद्याला खांदा लावून. त्या गावच्या लोकांना वाटले, हा गुसाडीचाच काही नवा प्रकार. त्यांनी माझे पाय धुतले, टोपीत मोरपीस खोवले आणि मला नाचायला लावले. मी नाचलो. मुलाची आजी हसता हसता खाली बसली, आणि उठली ती येसूला जवळ घेऊनच. सोयरीक पक्की झाली. माझा एक जोडा तेवढा हरवला.

परतताना पटलांना पौर्णिमेसाठी मुधोळला घेऊन आलो. गल्लीत भीमबाईंचा तोडगा मांडला आणि दोन्ही पक्षांना हरकत सापडली नाही. मोठा फेटा बांधून पटला पालखीपुढे निघाले. मागे डावीकडे मशाल, उजवीकडे बत्ती घेऊन मी.

पायऱ्या आहेत, हे मी अजूनही मानतो. फक्त आपली पायरी मोजताना माणूस बहुधा एखादी जास्तच मोजतो. असे काहीसे मनात घोळवत चाललो होतो, तर चौकात बत्तीने दोनदा फुरफुर केले आणि ती विझली. मी खाली मान घालून चालत राहिलो. मशालवाला दोन पावले माझ्या बाजूला सरकला.