उकळलेली पुडी

परवा नातवासाठी आणलेली औषधाची पुडी फोडली, तसा विरजणासारखा आंबूस वास आला आणि मी थेट सिल्वासात, आमलीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत जाऊन पोहोचले. धुळ्याहून येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. हे कारखान्यात गेलेले, मी घरी एकटी, आणि दहा महिन्यांच्या लेकीला जुलाब लागलेले. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायला सांगितलं, वर पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या आणि ‘पाणी उकळलेलंच द्या’ असं दोनदा बजावलं. मी कशाला कसूर ठेवते! पाण्यात पुडी टाकली आणि दोन्ही मिळून खळखळा उकळलं. तेवढ्यात शेजारच्या गुजराती बेन दारात आल्या. ‘अरे बेन, आ शुं कर्युं? यात चांगले जंतू असतात, जिवंत. सगळे मेले ना!’ मी भडकलेच. इथं जंतू मारता मारता जीव चाललाय, आणि डॉक्टर पुडीत बांधून जंतूच देतात? बेन शांतपणे म्हणाल्या, ‘उकळत्या दुधात विरजण लावतेस का कधी?’ ते मात्र लगेच कळलं. पातेलं मोरीत ओतलं, नवं पाणी उकळून निववलं आणि मग दुसरी पुडी सोडली. दोन-तीन दिवसांत पोरगी मऊ भातासाठी ताट बडवू लागली. आता तीच पोरगी लेकराला मांडीवर घेऊन विचारते, ‘आई, टाकलीस का पुडी?’ मी उकळलेल्या पाण्याच्या वाटीला हात लावून म्हणते, ‘थांब जरा, भाजतील बिचारे.’