ड्रिलबाईंचे तळवे

इरा, नील,

परवा फोनवर इरा म्हणाली की ती शनिवार-रविवार डोंगरातल्या एका घरी राहायला जाणार आहे. तिथे हलकी योगासनं, ध्यान आणि आपल्याच शरीराकडे लक्ष द्यायला शिकवतात. "आजी, तुमच्या वेळी असलं काही होतं का?" होतं. इथे हैदराबादलाच होतं, आणि ते चालवणाऱ्या बाईंबद्दल मी तुम्हाला कधी काही सांगितलेलं नाही. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मधेच उठाल, म्हणून लिहिते आहे. वाचताना अडलात तर बाबाला मोठ्याने वाचायला सांगा. त्याने शाळेत त्यांची शिट्टी ऐकलेली आहे.

त्यांना सगळे ड्रिलबाई म्हणत. जामबागेतल्या एका मराठी शाळेत त्यांनी जन्मभर कवायत शिकवली. आवाज असा, की मैदानात त्यांनी "सावधान" म्हटलं की फाटकाबाहेरचा रिक्षावालासुद्धा ताठ बसे. अशी बाई शाळा सोडल्यावर लोकांना सतरंजीवर आडवं करून "आता काही करू नका" असं सांगू लागली, याचं मला मोठं कुतूहल वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, "इतकी वर्षं पोरींना उड्या मारायला लावल्या. पाय जमिनीला टेकला तेव्हा काय वाटलं, ते एकीलाही विचारलं नाही. आता विचारते."

नव्वद सालानंतरची ती वर्षं. दिलसुखनगरात रोज कॉम्प्युटर क्लासची एक नवी पाटी लागत होती. पुण्याहून नोकरीला आलेली तरुण मंडळी अवघडलेल्या माना घेऊन फिरत, आणि बँकेतल्या लोकांची झोप मुदतीआधी निवृत्ती घ्यावी की न घ्यावी, यात गेली होती. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, आणि तुमच्या बाबाने परदेशी जायचे फॉर्म भरले होते. महिन्यातून एका शनिवारी आम्ही पंधरा-वीस जण आबिड्सच्या पोस्टासमोर सतरंज्या काखेत घेऊन जमत असू. तिथून मेटाडोरने शहराबाहेर, बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या सासऱ्यांच्या द्राक्षमळ्यात. पहिल्याच दिवशी मी डोळे मिटून पडले होते, तर बाई उशाशी येऊन हळूच म्हणाल्या, "प्रोफेसरीणबाई, दातओठ कुणावर खाताय?" माझा जबडा आवळलेला आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आसनं साधी असत. म्हातारी माणसंही करू शकतील अशी. बाईंचा खरा जीव चालण्यात. व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर, मग मळ्यातल्या मातीत, अनवाणी आणि अगदी सावकाश. नंतर प्रत्येकाने तळव्याला काय लागलं ते सांगायचं. "छान वाटलं" हे उत्तर चालत नसे. "छान तर मिरचीची भजीही असतात. काय लागलं ते बोला." माझं अक्षर चांगलं, म्हणून उत्तरं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. बँकेतले जोशी: डाव्या टाचेखाली सुपारीएवढा खडा, उजवीकडे काही नाही. देशमुखकाका जुन्या हैदराबादचे, ते म्हणत, "मट्टी एकदम नरम है बाई, चाळलेल्या जोंधळ्याच्या पिठावानी." कुणी फरशी कोमट म्हटलं की बाई लगेच पुढे वाकत. "कोमट कशी? आंघोळीच्या पाण्यासारखी, की चहा निवल्यावर कप लागतो तशी?" कवायतीच्या बाईंना एवढे बारकावे कशाला हवेत, ते मला उमगत नसे.

बाई स्वतः चालताना नजर पायांवर खिळवून चालत, आणि एक हात वेलींच्या मांडवाच्या तारेवरून फिरवत नेत. आम्हाला वाटलं, हीच पद्धत. तिसऱ्या शिबिरापर्यंत आम्ही सगळे रांगेने, माना खाली, हात तारेवर. शेवटी देशमुखकाकांचं कपाळ मांडवाच्या खांबावर आपटलं.

"अहो, काय हरवलंय तुमचं सगळ्यांचं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही खाली पाहता, म्हणून आम्ही बी पाहतो," काका कपाळ चोळत म्हणाले.

"मी खाली बघा असं सांगितलं कधी?"

कुणालाच आठवेना. बाई खूप हसल्या, आणि मग एकदम व्हरांड्यात जाऊन बसल्या. मी वहीत लिहिलं: "नजर पायांकडे, ही पद्धत नव्हे. मग काय?"

उत्तर पुढच्या महिन्यात, रविवारी सकाळी मिळालं. मळ्यातून येऊन आम्ही फरशीवर चालत होतो. बाई पुढे. मागून माळी यादगिरी ओरडला, "अम्मा, रक्तम्!" फरशीवर एकाआड एक पावलाला लाल ठसा होता. बाईंनी शिकवल्याप्रमाणे आम्ही प्रत्येकाने आधी आपापले तळवे तपासले. मग सगळ्यांची नजर बाईंच्या पायाकडे गेली. त्या मात्र मागे वळून विचारत होत्या, "कुणाला लागलं?"

उजव्या अंगठ्याखाली तारेचा तुकडा रुतला होता, पेरभर. मी त्यांना आत नेऊन तो काढला, जखम धुतली. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"बाई, दुखत नाही?"

"चार वर्षं झाली. तळव्यांची जाणीव साखरेच्या दुखण्यानं नेली. आधी अंगठे, मग टाचा. मुलींबरोबर पळताना चप्पल निघून गेलेली कळेना, तेव्हा शाळा सोडली."

"आणि तुम्ही आम्हाला हे शिकवता?"

"तुम्ही सांगता ना. तेवढा वेळ मला फरशी गार लागते." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस. लेकाला कळलं तर तो मला घरी बसवेल. मग माझं उरलं काय?"

मी म्हटलं, बोलणार नाही. पण मळ्यात तुम्ही बूट घालायचे, आणि सकाळ-संध्याकाळ तळवे मला दाखवायचे. त्या वैतागल्या. "रांगेत उभं करून हजारो पोरींची नखं तपासली मी. आता माझीच तपासणी!" पण पुढच्या वेळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आल्या.

"कायकू बाई? आम्ही नंगे पाँव, आणि तुम्ही बूट?" काकांनी चारचौघांत विचारलंच. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. लेकालाही त्यांनी स्वतःच सांगितलं. तो चिडला, पण नंतर शिबिराच्या शनिवारी तोच त्यांना पोस्टापर्यंत सोडायला येऊ लागला. शिबिर सोडून कुणी गेलं नाही. उलट वहीतली उत्तरं लांबलचक झाली.

पुढे मळा विकला गेला, तिथे प्लॉट पडले. बाई दिलसुखनगरला लेकाच्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळल्या. डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली होती. मी जाऊन वही वाचून दाखवत असे. एका संध्याकाळी त्यांनी वही मिटायला लावली. "बाल्कनीत अनवाणी उभी राहा, आणि सांग."

मी उभी राहिले. "कठड्याकडे कोमट, उंबऱ्याशी गार. उजव्या करंगळीखाली वाळूचा एक कण."

"कोमट कशी?"

"चहा निवलेल्या कपासारखी."

"हं," म्हणून त्यांनी डोळे मिटले. ते आमचं शेवटचं बोलणं. दहा दिवसांनी त्या गेल्या.

वही माझ्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात आहे. रोज सकाळी मी फरशीवर अनवाणी उभी राहते आणि काय लागलं ते एका ओळीत त्याच वहीत लिहिते. माझ्या दोन्ही तळव्यांना अजून सगळं कळतं.