पुसायची राहिलेली डिस्क

आमच्या ह्यांना सगळी गल्ली डॉक्टर म्हणते. शिक्षण जेमतेम, पण बंद पडलेली हार्ड डिस्क कानाला लावून तिला काय झालंय ते सांगतात. आतून नुसतीच टकटक आली की ह्यांचं तोंड उतरतं. लोकांच्या वस्तू फुलासारख्या जपतात; स्वतःचा चष्मा मात्र इतकी वर्षं मीच शोधून देते आहे.

ह्यांचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाचे फोटो बघायचे नाहीत. फायली परत आल्या की त्या धड उघडतात की नाही एवढं कॉम्प्युटरकडूनच तपासून घ्यायचं. "दुसऱ्याच्या घरात डोकावायचं कशाला?" म्हणतात. मला ह्या नियमाचं फार कौतुक होतं. आता नाही.

एकदा आमच्या दुकानात लिफ्ट दुरुस्त करणारा एक तरुण आला. दोन गल्ल्या सोडून राहतो, तिशीच्या आतबाहेरचा, अजून एकटाच. त्याच्या हातात एक्स्टर्नल हार्ड डिस्क होती, हातातून निसटून फरशीवर पडलेली. तो दीड वर्षाचा असताना त्याची आई गेली. वडिलांनी तिचे सगळे फोटो स्कॅन करून ह्या डिस्कमध्ये ठेवले, कागदाचे फाडून टाकले आणि जन्मात कधी मुलाला दाखवले नाहीत. विषय काढला की उठून जायचे. ते वारल्यावर वर्षभराने ह्याने धीर केला, डिस्क बाहेर काढली, आणि त्याच दिवशी ती पडली.

"काका, मला तिचा चेहराच माहीत नाही हो," तो म्हणाला. "एक फोटो निघाला तरी बास."

ह्यांनी कान लावला. "प्रयत्न करतो," म्हणाले.

नऊ दिवस लागले. तीनशेच्या वर फोटो निघाले. नावं, तारखा गेल्या होत्या, नुसते आकडे उरले होते. तो तरुण इतका रडला की आपली जुनी डिस्क काउंटरवरच विसरून गेला.

ती द्यायला पंधरा दिवसांनी मीच त्याच्याकडे गेले. लिफ्टवाल्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद! लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं पुटपुटत चार मजले चढले. भरदुपार होती. त्याने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

आत समोरच्या भिंतीवर मोठी फ्रेम होती, वर छोटा दिवा. फ्रेममध्ये मी होते. चोविसाव्या वर्षीची, पिवळा स्वेटर घातलेली, कडेवर बहिणीची मुलगी.

"ही आई," तो म्हणाला. "आणि हा मी. काकू, खरं सांगू? तुम्ही थोड्या तिच्यासारख्या दिसता."

त्याने मला खुर्ची दिली, नेमकी फ्रेमच्या खाली.

"फोटो मिळाल्यापासून आठवायला लागलंय. हा स्वेटर मला टोचायचा. म्हणून मला कडेवर घेताना ती तो उलटा करून घालायची."

फोटोत स्वेटर सुलटाच आहे. पण भाची रडायची म्हणून मी तो खरंच उलटा करून घालायचे. हे मी कुणालाही, अगदी ह्यांनासुद्धा, कधी सांगितलेलं नाही. पाणीसुद्धा न पिता मी तिथून निघाले.

ह्यांना सांगितलं तर आधी हसले. मग उठून कामाची नोंद उघडली आणि खालीच बसले. मेलेल्या डिस्कची आधी जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि फायली त्या नकलेतून शोधायच्या, ही ह्यांची पद्धत. नकलेची डिस्क आधी पुसून कोरी करून घ्यावी लागते. त्या दिवशी रिकामी डिस्क नव्हती म्हणून आमच्या घरातली जुनी घेतली, माझे माहेरचे फोटो स्कॅन करून ठेवलेली, आणि ती पुसायची राहिली. पडलेल्या डिस्कवर जिथे जिथे ओरखडे होते, तिथे नकलेत काही उतरलंच नाही. त्या जागी आमचं जुनं तसंच राहिलं.

नियम मोडून ह्यांनी एकेक फोटो बघितला. एक्केचाळीस आमचे. बाकी सगळ्यांत त्याचे वडील, वडिलांचे मित्र, कुणाची तरी मोटरसायकल. बाई एकही नाही. आई होती ती नेमकी ओरखड्यांखाली.

"सांगावं लागेल," हे म्हणाले.

"अहो, त्याची आई दुसऱ्यांदा मारायला निघालात?" मी ओरडले. "राहू दे की माझं तोंड तिथे. माझं काय झिजतंय?"

"तुझं नाही झिजत. तिचं झिजतंय. ती कुठेच उरली नाही."

तीन दिवस ह्यांनी कामाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी एकटेच गेले आणि सगळं सांगून आले. तो चिडला नाही, म्हणाले. मान हलवून ऐकलं, उठला आणि फ्रेमवरचा दिवा बंद केला. मला ह्यांचा राग आला होता, आणि हेच बरोबर होतं हेही कळत होतं. मुळात ती चूकच व्हायला नको होती, एवढंच राहून राहून वाटत होतं.

आठवड्याने तो दुकानात आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम त्याने काउंटरवर ठेवली. "तुमची आहे," म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

"बस ना," हे म्हणाले.

तो उभाच राहिला. "फोटो नव्हता तेव्हा आई म्हटलं की निदान अंधार तरी यायचा, काका. तो माझा होता. आता डोळे मिटले की ह्या काकूच दिसतात. स्वेटर टोचतो, वाससुद्धा येतो." मग त्याने भिंतीवरच्या आमच्या पाटीकडे बोट केलं. "तुम्ही डिस्क कायमची पुसूनही देता ना? हे कसं पुसायचं, तेवढं सांगा."

ह्यांनी फ्रेम आपल्याकडे ओढून घेतली. "ते मला येत नाही रे," म्हणाले.

मी मागेच उभी होते. त्याला माझा चेहरा दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं आणि तो जाईपर्यंत तशीच उभी राहिले.