घरपोच झोप

तिला सगळे रेडिओ म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं. नाव ठेवलं होतं सासऱ्यांनी. नवी सून घरात येऊन आठवडा झाला नसेल, तेव्हा जेवता जेवता ते मुलाला म्हणाले, "सून छान मिळाली हो. फक्त हिचं बंद करायचं बटण कुठंय, तेवढं शोधून ठेव." त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसली ती स्वतः. तेव्हापासून ती घरात रेडिओ, गल्लीत रेडिओ आणि पुढे दुकान टाकलं तेव्हा तिथंही रेडिओच.

दुकान म्हणजे बायकांचे केस कापायचं छोटंसं पार्लर. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक बेसिन आणि उन्हानं रंग उडालेला पडदा. हात चालायला लागला की तोंड चालायचं, आणि तोंड थांबलं की हातही थबकायचा. बायका केस कापायला यायच्या तेवढ्याच गप्पांनाही यायच्या. पण एक गोष्ट तिच्या ओळखीच्या बायकांना पक्की माहीत होती. कुणाच्या घरची आनंदाची बातमी तिच्या पोटात दुपारपर्यंतसुद्धा टिकत नसे. दुःखाची मात्र कायमची राहायची. खुर्चीत बसून आरशाकडे न बघता कुणी काही सांगितलं, तर ते त्या दुकानाबाहेर कधी गेलं नाही.

नवरा सुतार. कामाच्या वेळी तोंडात खिळे धरायची सवय, त्यामुळे बोलणं तसंही बेताचंच. दोन मुलगे होते. थोरला लग्न करून दूरच्या शहरात गेला, मग धाकट्यालाही बाहेरगावी नोकरी लागली. ज्या दिवशी त्याची बॅग दारातून बाहेर पडली, त्या दिवसापासून घर इतकं शांत झालं की रेडिओ फ्रीजशी बोलू लागली. "काय रे, आज फारच कुरकुरतोयस," असं ती त्याला म्हणाली, ते नेमकं ऐकलं बेकरीवाल्या ताईंनी. त्या शेजारच्याच, उरलेले पाव द्यायला आल्या होत्या.

"गुरुवारी चर्चमध्ये ये," ताई म्हणाल्या. "मातामंडळात. वीसेक बायका असतो, कुणाचा ना कुणाचा कान रिकामा असतोच."

"मी कशी येऊ? तिथं कडेवर पोर असलेल्या येतात. माझी पोरं दाढी करतात आता."

"म्हणून काय आईपणातून निवृत्त झालीस? पेन्शन मिळायला लागली का?"

रविवारच्या उपासनेला ती नेमानं जायची, पण चर्चच्या मागचा हॉल तिनं कधी धड पाहिलाच नव्हता. गुरुवारी गेली तर कोपऱ्यात सतरंजीवर रांगती पोरं एकमेकांचे मोजे ओढत होती, चहाचं मोठं पातेलं उकळत होतं आणि समोर टेबलाशी मंडळाच्या अध्यक्षा बसल्या होत्या. गावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, त्यामुळे साठीच्या बायकासुद्धा त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत आणि त्या बोलायला लागल्या की बिस्किट चावायचं थांबत.

आधी बायबलमधलं वचन वाचायचं, मग प्रार्थना, मग काम. आजाऱ्यांच्या घरी सूप पोहोचवायचं. बाळंतिणींसाठी गाठोडी बांधायची. दोन झबली, टोपी, साबण आणि एक विणलेलं पांघरूण. रेडिओनं विणायला घेतलं, पण गप्पांच्या नादात टाके वाढत गेले आणि पांघरुणाचा त्रिकोण झाला. ते तिनं आपणहून मागं घेतलं आणि म्हणाली, "मला कात्रीचं काम द्या." मग वृद्धाश्रमात महिन्यातून एकदा केस कापायचं तिनं सुरू केलं. तिथंही एकदा घोळ झालाच. एका निवृत्त बँडमास्तरांना आपल्या लग्नाची हकीकत सांगता सांगता डावी बाजू जरा जास्त उडाली. मग उजवी सारखी करायला गेली, ती जास्त उडाली. शेवटी ते जवळपास गोटाच होऊन उठले. आरशात पाहून म्हणाले, "बरं झालं, उकडत होतं. पण बाई, मांडव पडला तेव्हा तुम्ही कुठं होतात ते सांगायचं राहिलं."

त्यानंतर पाळकबाईंच्या, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नीच्या, वाढदिवसाचा बेत गुपचूप ठरला. तो रेडिओनं खुद्द पाळकबाईंनाच भाजीच्या दुकानात सांगून टाकला. मोठ्या बाईंनी ते ऐकलं. फक्त चष्मा काढून पुसला. रेडिओला ते छडीपेक्षा लागलं.

अशात एका गुरुवारी मंडळात एक नवीन मुलगी आली. टपालखात्यात खिडकीवर काम करणारी, बाळंतपणाच्या रजेवर. सगळ्या तिला टपालवाली म्हणू लागल्या. नवरा बोटीवर नोकरीला, सहा महिने समुद्रात. आई नाही, सासू लांब. छातीशी बांधलेलं पोर अखंड किरकिरत होतं आणि तिच्या अंगातला ब्लाउज उलटा होता. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं आणि कुणी ते दाखवलंही नाही.

मोठ्या बाईंनी विचारलं, "बाळ, तुला काय हवंय? सूप पाठवू? कपडे आहेत का पुरेसे?"

मुलीनं पातेल्यातल्या वाफेकडे बघितलं. मग म्हणाली, "झोप." आणि तिला रडू फुटलं.

झोप काही डब्यात भरून नेता येत नव्हती. पण मोठ्या बाईंनी तिथल्या तिथं ठरवलं: रोज दुपारी एकीनं तिच्याकडे जायचं, पोराला बाहेरच्या खोलीत सांभाळायचं आणि तिनं आत जाऊन झोपायचं. रेडिओनं हात वर केला. मोठ्या बाईंना तो दिसला नाही, किंवा दिसूनही दिसला नाही.

पहिल्या दिवशी मोठ्या बाई स्वतः गेल्या. खुर्चीत ताठ बसल्या, परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तशा. खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या ताई गेल्या, त्यांनी सिंकमधली भांडी घासायला काढली. ते पाहून मुलगी शरमेनं उठून आली आणि पुसायला लागली. तिसरी गेली ती पोराला कसं धरावं हे शिकवत बसली. पुढच्या गुरुवारी टपालवाली आली तेव्हा तिचे डोळे आणखी खोल गेले होते. "सगळ्या फार करतात माझ्यासाठी," एवढंच म्हणाली.

"उद्या मी जाते," रेडिओ म्हणाली.

सगळ्या वळून तिच्याकडे बघू लागल्या. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "दोन तास गप्प बसाल?"

"बसेन."

घरी तिनं नवऱ्याला हे सांगितलं. तो इतका हसला की तोंडातले खिळे त्याला हातात घ्यावे लागले.

टपालवालीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दोरीवर लंगोट, खिडकीत सुकत ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या, भिंतीवर बोटीच्या कंपनीचं कॅलेंडर. मुलगी आत गेली आणि दार लोटलं. रेडिओ पोराला मांडीवर घेऊन बसली आणि ओठ घट्ट मिटले. बाहेर एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन चालला होता. ती शिडी कुणाच्या तरी दाराला अडकली. हे कुणाला तरी सांगावंसं वाटून तिच्या घशाला खाज सुटली. आतून पलंगाची करकर ऐकू येत होती. मुलगी कुशी बदलत होती.

मग पोर रडायला लागलं. थोपटलं, झुलवलं, खोलीभर फिरवलं. थांबेना. शेवटी तिनं त्याच्या कानाशी अगदी हळू म्हटलं, "काय झालं रे राजा? शिडी बघितलीस का?" पोर थांबलं. तिनं तोंड मिटलं. पोर पुन्हा सुरू. "बरं बाबा, सांगते," ती म्हणाली, आणि मग काय, धरण फुटलं. शिडीवाल्याचं झालं, बँडमास्तरांचं झालं, एका गिऱ्हाइकानं केसांना लाल रंग लावायला सांगितला आणि तो जांभळा निघाला ते झालं. आवाज हळूहळू नेहमीच्या पट्टीत कधी आला ते तिलाही कळलं नाही. पोर तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं आणि मग बघता बघता पेंगलं.

तेव्हा तिला भान आलं. "मेले!" म्हणून ती उठली आणि माफी मागायला दार ढकललं.

मुलगी पालथी झोपली होती. एका पायात चप्पल तशीच, तोंड किंचित उघडं, उशीवर लाळेचा डाग. एखाद्या लहान पोरीसारखी झोपली होती. रेडिओ दारात उभी राहिली आणि तिचेच डोळे भरून आले. मग ती परत येऊन बसली आणि झोपलेल्या पोराला पुढचं सांगायला लागली. आता थांबायची तिला भीती वाटत होती.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा मुलगी बाहेर आली. गालावर उशीची घडी उमटलेली.

"मावशी, मी फार वेळ झोपले का?"

"मी बडबडत होते गं. तुला त्रास नाही झाला?"

"मोठ्या बाई आल्या होत्या ना, तेव्हा इतकी शांतता होती की मी कान लावून पडले होते. हा श्वास घेतोय ना, असं वाटत राहायचं. आज तुम्ही बोलत होतात, म्हणजे तो कुणाच्या तरी हातात आहे. तुम्ही लाल रंगाचं सांगत होतात. मग काय झालं मला माहीत नाही."

"म्हणजे माझी गोष्ट अर्धवटच ऐकलीस!" रेडिओ म्हणाली. दोघी हसायला लागल्या आणि पोर जागं झालं.

गुरुवारी टपालवालीनं हे सगळं मंडळात सांगितलं. रेडिओ पहिल्यांदाच खाली मान घालून बसली होती. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तर मग आपल्यालाही बोलायला शिकलं पाहिजे." त्या पुढच्या खेपेला गेल्या, तर पोराशी काय बोलावं त्यांना सुचेना. मग त्यांनी पाढे म्हटले. सतराच्या पाढ्याला आई आणि पोर दोघंही झोपलेली होती. हे त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरेना.

त्या संध्याकाळी रेडिओनं नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. तो लाकूड घासत होता. घासायचं थांबला आणि म्हणाला, "तू धाकट्याकडे राहायला गेली होतीस ना, तेव्हा मला झोप यायची नाही." बस, एवढंच. पुन्हा घासायला लागला.  भुसा झाडायच्या निमित्तानं ती त्याच्याजवळ बराच वेळ उभी राहिली.

टपालवालीचा नवरा बोटीवरून परतला, रजा संपली आणि ती पुन्हा खिडकीवर बसू लागली. पण काम थांबलं नाही. मंडळात सूप आणि गाठोड्यांच्या जोडीला झोप हेही आता कायमचं काम झालं. कधी जुळी झालेली आई, कधी आजारी पोराची आई. रविवारी टपालवालीही एखाद्या घरी जाते. तिच्याकडे उलटसुलट पत्ते लिहिलेल्या पाकिटांच्या गोष्टी आहेत.

हल्ली रेडिओ मंगळवारी दुपारी दुकान बंद ठेवते आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी जाते. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत आणि बाईला रात्ररात्र डोळा लागत नाही. पहिल्या दिवशी बाईनं संकोचून सांगितलं, "त्यांना ऐकू येत नाही हो अजिबात. तुम्ही उगाच घसा कोरडा कराल."

"तुला येतं ना ऐकू?" रेडिओ म्हणाली. "जा, आडवी हो."

ती म्हाताऱ्याच्या उशाशी खुर्ची ओढून बसली आणि सुरू झाली. म्हातारा तिच्या ओठांकडे बघत दर वाक्याला गंभीरपणे मान डोलवतो. मधेच हसतो, आणि नेमका हसायच्या जागीच हसतो. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, असा ऐकणारा मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता."